गोल बांधाच्या आत : आयर्लंडमधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रिय मंडळी,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, यंदाची उन्हाळी सहल ‘लॉख की’ या तळ्याकाठच्या जंगलात न्यायचं ठरतं आहे. जागा फार चांगली निवडलीत. डब्लिनहून एन-४ रस्ता धरला की कॅरिक-ऑन-शॅनन मागे पडतं आणि बॉइल गाव यायच्या जरा आधी रोसकॉमन काउंटीतलं हे जंगल लागतं. मोठं तळं, तळ्यात झाडांनी भरलेली बेटं, मुलांना झाडांच्या शेंड्यांमधून चालता येईल असा उंच पूल. मी चार वेळा जाऊन आले आहे आणि पाचव्यांदा यायला तयार आहे. पण गेल्या वर्षीच्या सहलीत जे झालं ते तिथे पुन्हा होऊ नये. म्हणून कुणी कुठला डबा आणायचा याची यादी सुरू व्हायच्या आत हे लिहिते आहे.

गेल्या वर्षी आपण अशाच एका जुन्या जमीनदारी इस्टेटीच्या जंगलात गेलो होतो. बीच नावाच्या उंच झाडांखालून तासभर चाललो आणि दुपारी जेवायला जागा शोधताना ते गोल रिंगण सापडलं. तीसेक पावलं रुंद, भोवती छातीएवढा मातीचा बांध, बांधावर झाडं, आणि मधोमध गवतावर स्वच्छ ऊन. “अरे, हे तर खो-खोसाठीच केलंय!” असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसत आत शिरलो. पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन मुलं बांधावरून घसरगुंडी खेळली. एकांड्या काटेरी झाडाच्या दोन फांद्या मोडून बॅनर बांधला. दोघातिघांनी सुपरमार्केटमधून आणलेले ते एकदा वापरून टाकायचे बार्बेक्यू ट्रे गवतावर ठेवून पेटवले. मीही माझी सतरंजी तिथेच अंथरली. ती जागा काय आहे हे मला ठाऊक होतं, तरी सगळे आनंदात आहेत, कशाला विरस करा, म्हणून गप्प बसले. ते गप्प बसणं मला वर्षभर टोचत आहे.

संध्याकाळी सामान उचललं तेव्हा गवतावर ट्रेच्या मापाचे काळे चौकोन उमटले होते. बोट लावून पाहिलं तर गवताची मुळंसुद्धा जळून कोरडी झाली होती. बांधावर मुलं जिथून घसरली तिथलं हिरवं साल सोलल्यासारखं निघालं होतं आणि खालची तांबूस माती उघडी पडली होती. त्याच वेळी एक म्हातारा कुत्र्याला फिरवत आला. त्याला ज्या वाटेला जायचं होतं ती रिंगणातून सरळ गेलं तर चार पावलांवर होती. तो थांबला, आमच्याकडे बघून “छान ऊन पडलंय आज,” एवढंच म्हणाला, आणि बांधाच्या बाहेरून पूर्ण वळसा घालून पलीकडे गेला. आत त्याने पाऊल टाकलं नाही.

त्या रिंगणाला इथे रिंगफोर्ट म्हणतात. मातीचं असेल तर रॅथ किंवा लिस, दगडी असेल तर कॅशल. ‘फोर्ट’ ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे रायगड, सिंधुदुर्ग येतो, आणि मग हा छातीएवढा बांध बघून “हे काय, एवढंसंच?” असं आपल्या तोंडून निघतं. पण तो किल्ला नव्हताच. ते एका कुटुंबाचं घर होतं. बहुतेक रिंगफोर्ट इसवी सन ५०० ते १००० या काळातले आहेत. बाहेर खंदक खणायचा, त्याच खंदकाची माती आत टाकून गोल बांध घालायचा, बांधावर कुंपण, आणि आत घर, गोठा, खळं. कोकणातल्या माणसाला सांगायचं तर घराभोवतीचा गडगाच. लांडगे आत येऊ नयेत, आणि रात्रीत कुणी गुरं हाकून नेऊ नयेत यासाठी. तेव्हा माणसाची ऐपत गुरांवरून मोजत. जुन्या आयरिश कायद्यांत दंड, देणंघेणं आणि माणसाचा मानसुद्धा दुभत्या गाईंच्या हिशेबात मांडलेला आहे. शेजारच्या टोळीची गुरं पळवून आणणं हा पराक्रम होता. आपल्याकडे गावोगाव वीरगळ उभे आहेत आणि त्यांतल्या कितीतरी दगडांवर खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या असतात, गोधन राखताना पडलेल्या माणसाची आठवण म्हणून. तीच भीती, तीच श्रीमंती. फक्त आपण दगड उभा केला आणि यांनी माती रचली.

आतली घरं कशी होती तेही कळलं आहे. उत्तर आयर्लंडमध्ये अँट्रिम काउंटीत डिअर पार्क फार्म्स नावाच्या ठिकाणी १९८०च्या दशकात उत्खनन झालं. तिथल्या ओल्या मातीत सातव्या-आठव्या शतकातल्या घरांच्या भिंती कुजल्या नव्हत्या. हेझल नावाच्या झाडाच्या लवचीक काठ्या विणून केलेल्या गोल भिंती, तशा दोन, एकीच्या आत दुसरी, आणि ऊब राहावी म्हणून मधल्या फटीत गवतपाला ठासलेला. अगदी आपला कूड! माझ्या आजोळी गोठ्याच्या मागची भिंत कारवीच्या कुडाची होती. त्या उत्खननाचे फोटो मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आजोळच्या शेणाने सारवलेल्या भिंतीचा वास आला. काही रिंगफोर्टांखाली दगडांनी बांधलेली भुयारंही सापडतात. दूधदुभतं, धान्य थंड ठेवायला, आणि कुणी चाल करून आलं तर बायकापोरांनी लपायला. आपलं पेव आणि चोरवाट, दोन्ही एकाच खड्ड्यात. रिंगफोर्टचं दार बहुतेक वेळा पूर्वेला किंवा आग्नेयेला असतं. पूर्वेकडे दार का, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

असे पंचेचाळीस हजारांच्या आसपास रिंगफोर्ट आयर्लंडच्या बेटावर नोंदलेले आहेत. आपल्यातली बरीच मंडळी डब्लिनमध्ये रॅथमाइन्स, रॅथगार, रॅथफार्नममध्ये राहतात. त्या प्रत्येक नावातला ‘रॅथ’ म्हणजे हेच. लिसमोर म्हणजे मोठा लिस. आपल्या गावांच्या नावांत वाडी, कोट, गड असतात तसे हे रॅथ आणि लिस पत्त्यापत्त्यांतून आपल्या घरच्या पत्रांवर येऊन बसले आहेत.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. हजार-दीड हजार वर्षं मातीचा बांध शेतात टिकतो कसा? नांगर फिरवणाऱ्याला तो अडचणच. सपाट केला तर चार चाऱ्या बटाट्याचं जास्त पीक. तरीही पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी त्याला वळसा घालून नांगर हाकला, कारण ही जागा ‘त्यांची’ आहे असं सगळे मानत होते. ‘ते’ म्हणजे कोण हे कुणी सरळ बोलत नसे. थेट नाव घेतलेलं त्यांना खपत नाही, म्हणून ‘भली माणसं’ असं म्हणायचं. आपल्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात, तसं. रिंगफोर्टमधली माती खणायची नाही, दगड न्यायचा नाही, बांधावरचं एकटं व्हाइटथॉर्नचं काटेरी झुडूप तोडायचं नाही, आणि मे महिन्यात त्याला पांढरा बहर येतो तो घरात आणायचा नाही. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या प्राथमिक शाळांमधल्या पन्नास हजारांच्या आसपास मुलांनी आपापल्या आजी-आजोबांकडून गावच्या गोष्टी ऐकून वह्यांत उतरवल्या. त्या वह्या जपून ठेवलेल्या आहेत, आज कुणालाही वाचता येतात. त्यांत पानोपानी हेच आहे : अमक्याने लिसमधलं झाड तोडलं आणि त्याची गाय दगावली, तमक्याने बांध उकरला आणि त्याचा हात लुळा पडला.

हे वाचताना मला परकं काहीच वाटत नाही. माझं माहेर सावंतवाडीकडचं. गावाच्या वर देवराई आहे. तिथली वाळून पडलेली काटकीसुद्धा कुणी चुलीत घालत नाही. लहानपणी काजू गोळा करत आम्ही पोरं हद्दीपर्यंत गेलो की आजी खालून हाक मारायची, “थंय पाय घालू नको गो, राखणदार आसा!” वर्षातून एकदा नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं आणि बाकी वर्षभर त्या जागेला एकटं सोडायचं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया अभ्यासल्या. आजूबाजूचे डोंगर बोडके होत असताना देवाच्या धाकामुळे ही हिरवी बेटं कशी वाचली, हे त्यांनी जगापुढे मांडलं. इथेही तेच झालं आहे. तिथे राखणदाराने झाडं राखली, इथे भल्या माणसांनी बांध राखले.

आणि जशा आपल्याकडे धाक गेला तशा देवराया लहान झाल्या, तसंच इथे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतात बुलडोझर आले, मोठी सपाट शेतं हवीशी झाली आणि कितीतरी रिंगफोर्ट एका दुपारीत पुसले गेले. तरी श्रद्धा पूर्ण विझलेली नाही. १९९९ साली क्लेअर काउंटीत लाटून इथे नवा रस्ता एका एकट्या व्हाइटथॉर्नवरून जाणार होता. एडी लेनिहन या कथाकाराने ते वाचवण्यासाठी आवाज उठवला आणि शेवटी रस्ता झुडपाला बाजूला ठेवून गेला. पुढे कुणीतरी त्याच्या फांद्या छाटून टाकल्या, पण ते पुन्हा फुटलं. आपण गेल्या वर्षी बॅनरसाठी ज्याच्या फांद्या मोडल्या तेही व्हाइटथॉर्नच होतं.

आपण ज्या जंगलात चालणार आहोत त्या जंगलाची गोष्ट आणखी निराळी आहे. लॉख कीची ही जमीन आधी मोयलर्ग या जुन्या राज्याच्या मॅकडरमट राजांची. तळ्यातल्या ‘रॉक’ नावाच्या बेटावर त्यांचं ठाणं होतं. तळ्याच्याच नावाने ओळखली जाणारी जुनी बखर १०१४ ते १५९० पर्यंतची हकीकत सांगते. मग सतराव्या शतकात जमीन इंग्रजांच्या बाजूच्या किंग घराण्याकडे गेली, तिचं नाव रॉकिंगहॅम इस्टेट झालं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी जॉन नॅश या आर्किटेक्टकडून तळ्याकाठी प्रासाद बांधून घेतला. हाच नॅश लंडनचा बकिंगहॅम पॅलेस वाढवणारा. १९५७ साली लागलेल्या आगीत प्रासाद जळाला, पुढे भिंतीही पाडल्या. आज त्या जागेवर काँक्रीटचा मोयलर्ग टॉवर उभा आहे. त्यावरून तळं फार सुंदर दिसतं.

पण तिथे गेलात तर वर चढण्याआधी खालच्या बोगद्यांतून चालाच. नोकरांनी सरपण, वाणसामान, पाणी घेऊन या बोगद्यांतून यायचं-जायचं, का, तर प्रासादाच्या खिडकीतून तळं बघणाऱ्या साहेबांच्या नजरेत राबणारी माणसं येऊ नयेत. आत गार, ओलं, भिंतीला हात लावला तर हाताला पाणी लागतं. मी माझ्या लेकीला तिथे उभं करून हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे त्यांना कुणी बघायचंच नाही?” मला काही उत्तर सुचलं नाही.

अशा इस्टेटीभोवती जमीनदारांनी उंच भिंती घातल्या आणि आत शोभेची झाडं लावली. बीच हे मूळचं इथलं झाडच नाही, ते बाहेरून आणलेलं. पुष्कळदा त्यांनी रिंगफोर्टच्या बांधावरच गोल झाडं लावून त्याला बागेतला दागिना केला. म्हणजे ज्यांना भल्या माणसांची भीती नव्हती त्यांच्या भिंतीच्या आतही हे बांध वाचले, कारण तिथे नांगरच आला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयर्लंडच्या जेमतेम एक टक्का जमिनीवर झाडं उरली होती. आज अकरा टक्क्यांच्या आसपास आहेत. उरलेल्या त्या थोड्या जुन्या झाडांत अशा इस्टेटींची झाडं फार. तेव्हा लॉख कीच्या रानात बीचच्या सावलीतून रिंगफोर्ट दिसेल तेव्हा तुमच्यासमोर गोपालकाचं घर, जमीनदाराची हौस आणि गावकऱ्याचा धाक, तिन्ही एका जागी असतील.

आपण मातीचं नुकसान करतो ते दिसत कसं नाही, हेही सांगते. बांध उभा राहतो तो गवताच्या मुळांवर. साल एकदा निघालं की इथला पाऊस उरलेलं काम करतो. रिंगणाच्या आत जमिनीखाली हातभरही खोल नाही, तिथे घराचे खांब रोवलेले खड्डे काळसर डागांसारखे राहिलेले असतात. तंबूचा खुंटा ठोकला तर तो नेमका त्यातून जातो. चुलीच्या जागी सापडलेल्या कोळशावरून अभ्यासक घराचं वय काढतात. आपला बार्बेक्यूचा कोळसा त्याच मातीत मिसळला तर उद्या कुणाला काय सापडेल? शिवाय उन्हाळ्यात जंगलात आग पेटवणं हे मुळातच धोक्याचं, रिंगफोर्ट असो वा नसो.

कायद्याचंही बोलून टाकते. रिंगफोर्ट ही राष्ट्रीय वारशाची स्थळं म्हणून नोंदलेली असतात. त्यांना धक्का लावणं हा गुन्हा आहे, आणि परवानगीवाचून मेटल डिटेक्टर घेऊन शोध घेणंही. गेल्या वर्षी आपल्यातल्या एकाने मुलासाठी हौसेने डिटेक्टर आणला होता. त्याचा हेतू वाईट नव्हता हे मी जाणते. यंदा तो घरी राहू दे.

पण दंडाच्या भीतीने मी हे लिहीत नाही. इथल्या लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं म्हणूनही नाही. आपण या देशात राहतो, मुलं इथे वाढवतो, म्हणजे इथली माती राखणं हे पाहुण्याचं नव्हे, घरच्या माणसाचं काम आहे. आपल्याला त्यासाठी नवीन काही शिकायचंही नाही. राईत पाय जपून टाकायची सवय आपण सामानाबरोबर घेऊन आलो आहोत, फक्त ती बॅगेतच राहून गेली आहे.

म्हणून सहलीचं ठरवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती. खेळ, जेवण, गाणी सगळं तळ्याकाठच्या मोकळ्या गवतावर करू. तिथे बाकं आहेत, जागा मुबलक आहे, लहानांना धावायला रान मोकळं आहे. चूल, बार्बेक्यू नको. पोहे, थालीपीठ, दहीभात घरूनच आणू. जेवणानंतर ज्यांना यायचं असेल त्यांना घेऊन मी रिंगफोर्टपर्यंत जाईन. बांधावर चढायचं नाही, बाहेरून गोल फिरायचं. दाराची फट शोधायचं काम मुलांना देऊ, कुठली दिशा ते फोनच्या होकायंत्रावर बघू दे. मग तिथे पाच मिनिटं गप्प बसू. रानलसणीचा वास, डोक्यावर बीचची पानं, लांब कुठे रॉबिन पक्षी. त्या कुडाच्या घरात कुणीतरी गाईची धार काढत होतं, ते मी मुलांना सांगेन. फोटो हवे असतील तर बाहेर उभं राहून भरपूर काढा.

आणि एक गोष्ट राहिली, ती माझ्या घरची आहे. गेल्या वर्षी त्या बांधातून माझ्या लेकीने तळहाताएवढा एक चपटा दगड उचलून आणला होता. मला घरी आल्यावर कळलं. तिने त्यावर डोळे रंगवले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. आमच्या शेजारच्या आजी मेयो काउंटीतल्या खेड्यात वाढलेल्या. त्या चहाला आल्या, दगड हातात घेतला, छान रंगवलाय म्हणाल्या, कुठून आणला विचारलं. लेकीने सांगितलं तसा त्यांनी तो हळूच पुन्हा खिडकीत ठेवला आणि हात पदराला पुसावा तसा एप्रनला पुसला. रागावल्या नाहीत. “होता तिथे ठेवून ये हं, बाळा,” एवढंच म्हणाल्या.

तो दगड अजून खिडकीतच आहे. रोज भांडी घासताना तो माझ्याकडे बघतो. डोळे पुसायला लेक तयार नव्हती, काल रात्री मात्र तिने स्वतःच साबणाच्या पाण्यात बुडवून रंग काढला. सहलीच्या आधीच्या शनिवारी आम्ही दोघी त्या जंगलात जाऊन दगड परत ठेवणार आहोत. बांधाचं सोललेलं साल किती भरून आलं आहे तेही बघून येऊ. कुणाला बरोबर यायचं असेल तर कळवा, गाडीत तीन जागा आहेत. चिखलात चालतील असे बूट घाला.

तुमची,
सहलीत मागच्या सतरंजीवर गप्प बसलेली एक मैत्रीण